समुद्रात बुडालेल्या डोंगरावर डेव्हिल रे मासे का जमतात?

विज्ञानशिक्षक_अर्जुनी यांचा प्रश्न

नमस्कार. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. अलीकडेच आठवीच्या वर्गाला अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांजवळची एक चित्रफीत दाखवली. किनाऱ्यापासून पुष्कळ दूर, पाण्याखाली बुडालेल्या एका डोंगराच्या माथ्यावर डेव्हिल रे, म्हणजे पाकटांच्या कुळातले आणि पंखांसारखे रुंद पर हलवत पोहणारे मोठे मासे, एकामागोमाग एक संथपणे फिरत होते. "येथे अन्न विपुल असल्यामुळे ते जमतात," एवढे सांगून निवेदकाने विषय संपवला.

आमच्या वर्गातली बरीच मुले ढीवर कुटुंबांतली आहेत. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर जाळी टाकणाऱ्या घरांत ती वाढलेली असल्यामुळे मासा कोठे आणि कशासाठी थांबतो, यावर त्यांची स्वतःची मते असतात. एका मुलीने विचारले की, अन्न खायला आलेले मासे एकदाही तोंड उघडताना का दिसले नाहीत? दुसऱ्याचे म्हणणे असे की, तलाव भरून सांडवा वाहू लागला की मासा त्या धारेवर गोळा होतो, पण तो खाण्यासाठी नव्हे, तर वर चढून अंडी घालण्यासाठी. तसेच तेथेही असले पाहिजे. तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. चहूकडे सारखेच निळे पाणी असताना माशाला तो डोंगर सापडतो तरी कसा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. उत्तर मुलांपुढे वाचून दाखवणार आहे, त्यामुळे ते सोपे नसले तरी चालेल, पण नेमके असावे.

खारावारा

सर, नमस्कार. मी मूळची वर्धा जिल्ह्यातली, सध्या किनाऱ्यावर सागरी जीवशास्त्रात काम करते. तोंड मिटलेले आहे, हे त्या मुलीचे निरीक्षण निवेदकाच्या वाक्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

डेव्हिल रेच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन लवचिक पाळ्या असतात. खाताना तो त्या उलगडतो आणि त्यांच्या आधाराने पाणी तोंडाकडे वळवतो. ते पाणी कल्ल्यांमधल्या गाळणीसारख्या पट्ट्यांतून बाहेर जाते आणि त्यातले सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, आत राहतात. खायचे नसेल तेव्हा त्याच पाळ्या गुंडाळून पुढे टोकदार धरलेल्या असतात आणि त्या शिंगांसारख्या दिसतात. चित्रफितीत शिंगे दिसत असतील, तर ते मासे त्या वेळी खात नव्हते, असे मुलीला निःशंक सांगावे.

वर्णनावरून ही जागा प्रिन्सेस ॲलिस बँक असावी, असा माझा अंदाज आहे. फायल आणि पिको या बेटांच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर हा सागरपर्वत आहे. मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांनी १८९६ मध्ये आपल्या संशोधन-नौकेवरून त्याचा शोध लावला आणि नौकेचेच नाव त्याला मिळाले. भोवतालचा समुद्र फार खोल असला तरी पर्वताचा माथा पृष्ठभागापासून केवळ ३५ मीटरच्या आसपास येतो, म्हणूनच बुडी मारणाऱ्या माणसांना तेथे उतरता येते. तेथे उन्हाळ्यात जमणारी मुख्य जात म्हणजे मोबुला तारापकाना, जिला इंग्रजीत सिकलफिन डेव्हिल रे म्हणतात. पूर्ण वाढलेल्या माशाची एका पराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी तीन मीटरच्या पुढे जाते.

आता अन्नाविषयी. सागरपर्वतावर अन्न जमते हे खरे आहे, पण ते कसे जमते याविषयी पाठ्यपुस्तकी समज थोडी घाईची आहे. नेहमी असे सांगितले जाते की, प्रवाह डोंगराला आदळून वर चढतो, खालची पोषकद्रव्ये उजेडात आणतो, त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढते आणि त्यावर प्राणिप्लवक. अडचण काळाची आहे. पोषकद्रव्ये वर आल्यापासून वनस्पतिप्लवक वाढायला काही दिवस लागतात आणि ते खाऊन प्राणिप्लवकाची नवी पिढी वाढायला काही आठवडे, आणि तोपर्यंत ते पाणी वाहत डोंगरापासून कितीतरी लांब गेलेले असते. माथ्यावर भोवऱ्यासारखा बंदिस्त प्रवाह तयार होऊन पाणी तेथेच घुटमळत राहिले तरच हे गणित जमते, आणि असा भोवरा प्रत्येक डोंगरावर किंवा सर्व काळ टिकत नाही.

दुसरी यंत्रणा मला अधिक भरवशाची वाटते. मोकळ्या समुद्रातले असंख्य सूक्ष्म प्राणी आणि लहान मासे दिवसा खोल अंधारात राहतात, रात्री वर येतात आणि पहाटे पुन्हा खाली उतरतात. रात्रीच्या प्रवाहात वाहत ते उथळ माथ्यावर आले, तर पहाटे खाली जाताना मध्येच डोंगर आडवा येतो. त्यांना अंधार गाठता येत नाही आणि भक्षकांच्या नजरेस पडतात. अझोर्सच्या परिसरात ट्यूनाच्या मासेमारीच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा काही ट्यूना, सामान्य डॉल्फिन आणि काही समुद्रपक्षी यांची गर्दी ज्यांचे शिखर ४०० मीटरपेक्षा उथळ आहे अशाच काही पर्वतांजवळ अधिक आढळली होती. म्हणजे डोंगर असणे पुरेसे नाही, तो पुरेसा उंचही असावा लागतो.

पण डेव्हिल रे तेथे खाताना क्वचितच दिसतात. मग ते खातात कोठे? याचा एक अनपेक्षित धागा २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. सायमन थॉरल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अझोर्समध्ये २०११ आणि २०१२ साली याच जातीच्या १५ माशांना उपग्रह-टॅग लावले. हा टॅग खोली, तापमान आणि उजेड यांच्या नोंदी ठेवतो, ठरावीक महिन्यांनी माशापासून सुटून पृष्ठभागावर तरंगतो आणि साठवलेली माहिती उपग्रहाकडे पाठवतो. तोवर हे मासे वरच्या थरातले रहिवासी मानले जात. प्रत्यक्षात ते जवळजवळ १,९०० मीटर खोलीपर्यंत, ४ अंश सेल्सिअसहूनही थंड पाण्यात उतरत होते आणि उतरण्याचा त्यांचा कमाल वेग सेकंदाला सहा मीटरपर्यंत होता. बहुतेक खोल सूर मारून झाल्यावर ते सरळ वर न येता पायऱ्यापायऱ्यांनी येत. खोल पाण्यात प्राण्यांचे दाट थर असतात, तेथे थांबत आणि खात ते वर येत असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

येथे एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. या माशांच्या मेंदूभोवती धमन्या आणि शिरा यांचे दाट जाळे असते. उबदार रक्त नेणारी वाहिनी थंड रक्त आणणाऱ्या वाहिनीला चिकटून उलट दिशेने जात असल्यामुळे उष्णता एकीतून दुसरीत जाते आणि मेंदू भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राहतो. उबदार पृष्ठभागावर हिंडणाऱ्या माशाला या सोयीची गरज काय, असा प्रश्न पूर्वी पडे. इतक्या थंड पाण्यात शिकार करणाऱ्याला तिची गरज उघडच आहे. तरीही उरलेले शरीर थंड पडतेच. खोल सूर मारण्याच्या आधी आणि नंतर हे मासे पृष्ठभागाजवळच्या उबदार पाण्यात बराच वेळ घालवतात, तो बहुधा अंग तापवण्यासाठी.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे की, त्या माथ्यावर तुमच्या मुलांनी पाहिले ते जेवण नसून दोन जेवणांमधला काळ आहे. अर्थात ऊब माथ्यावरच असते असे नाही, ती भोवतालच्या वरच्या थरातही असते. तेव्हा नेमका डोंगरच का, हा प्रश्न उरतो आणि तो तिसऱ्या मुलाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

त्याचे सर्वांत चांगले उदाहरण दुसऱ्या माशाचे आहे. मेक्सिकोच्या ला पाझ शहराजवळ, कॅलिफोर्नियाच्या आखातात एल बाहो नावाचा सागरपर्वत आहे. तेथे हातोडीसारख्या डोक्याचे शार्क दिवसा थव्याने घिरट्या घालत आणि रात्री पांगत. संशोधक पीटर क्लिम्ली यांनी त्यांच्यावर ध्वनी-टॅग, म्हणजे आवाजाचे संकेत सोडणारी लहान उपकरणे, लावून पाठलाग केला, तेव्हा आढळले की ते रात्री आसपासच्या खोल पाण्यात खायला जातात आणि पहाटे त्याच डोंगरावर परततात. काळोखात, तळ दिसत नसतानाही ते सरळ रेषेत पोहत होते. तळाच्या खडकांमुळे चुंबकीय क्षेत्रात जे चढउतार होतात, त्यांच्या रेषांशी हे मार्ग जुळतात, असे क्लिम्ली यांनी १९९३ मध्ये मांडले. डेव्हिल रे हे शार्कांचेच दूरचे भाऊबंद आहेत. पण चुंबकीय मार्गाची गोष्ट डेव्हिल रेवर सिद्ध झाली आहे असे मुलांना सांगू नये. ती शार्कांवरून घेतलेली दिशा आहे.

वैनगंगातीर

ताई, उत्तर सविस्तर आहे, त्याबद्दल आभार. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका मत्स्य सहकारी संस्थेचे काम पाहतो, समुद्राचा अनुभव नाही. तरी दोन शंका मांडतो.

पहिली अशी की, १५ माशांच्या नोंदींवरून संपूर्ण जातीच्या सवयी ठरवणे कितपत योग्य आहे? आमच्या तलावात रोहू, कतला एका हंगामात काय करतात, हे सांगायलासुद्धा यापेक्षा जास्त मासे पाहावे लागतात. दुसरी शंका अशी की, सांडव्याचा मुद्दा मांडणाऱ्या मुलाला आपण उत्तरच दिलेले नाही. मासा जेव्हा खात नाही आणि तरीही गर्दी करतो, तेव्हा आमच्याकडचा कोणताही अनुभवी ढीवर प्रथम प्रजननाचाच विचार करील. ते नाकारायचे असेल तर कारण द्यावे लागेल.

खारावारा

भाऊ, दोन्ही शंका रास्त आहेत.

१५ ही संख्या लहानच आहे आणि नोंदीही केवळ त्या डोंगरावरच्या नाहीत. हे मासे नंतर दक्षिणेकडे उष्ण कटिबंधात निघून गेले, आणि काहींनी तर ३,८०० किलोमीटरपर्यंतचे अंतर कापले. मात्र येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मासा किती खोल गेला, हे मोजलेले आहे. एकच मासा जरी १,९०० मीटरवर गेला असता, तरी तो जाऊ शकतो हे सिद्ध झाले असते. तेथे जाऊन तो खातो, हा त्याच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर येण्यावरून काढलेला निष्कर्ष आहे आणि त्याला मोजमापाचा दर्जा देऊ नये. शाळेत हा फरक आवर्जून सांगावा, असे मला वाटते.

प्रजननाचा मुद्दा मी नाकारत नाही. किंबहुना तो मुलगा सत्याच्या बराच जवळ असू शकतो. अझोर्समध्ये दिसणाऱ्या माद्यांपैकी अनेकींची पोटे फुगलेली, म्हणजे त्या गाभण असल्याचे निरीक्षणांत नोंदले गेले आहे. पण तलावातल्या माशाशी असलेले साम्य येथे संपते. रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी सोडते आणि पुढे त्यांच्याकडे पाहत नाही. डेव्हिल रे अंडी सोडत नाही. पिल्लू पोटातच वाढते, गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसले जाते आणि साधारणपणे एका वेळी एकच जन्मते. त्यामुळे गाभण मादी उबदार पाण्यात दिवस घालवत असेल, तर गर्भाच्या वाढीलाही त्याचा फायदा होत असेल, हा तर्क वावगा नाही. इतर काही पाकटांविषयी तो मांडला गेलेला आहे.

आणखी एक शक्यता आहे. या कुळात मीलनापूर्वी एका मादीच्या मागे अनेक नर एकामागोमाग पोहतात, असे पाहिले गेले आहे. चित्रफितीतली रांग तशी होती की नुसती एकत्र पोहण्याची, हे मला येथून सांगता येणार नाही. नराच्या शेपटीच्या मुळाशी पोटाकडून दोन लांबट अवयव दिसतात, मादीला ते नसतात. मासे खालून चित्रित केले असतील, तर मुलांनी चित्रफीत थांबवून नर आणि माद्या मोजून पाहाव्यात. रांगेत सगळ्याच माद्या निघाल्या, तर मीलनाचा तर्क तेथेच बाद होईल.

काळा_पाषाण

मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो, महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. माशांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण वर ज्या खडकाचा उल्लेख आला तो आमच्या घराच्या पायाखालचा आहे, म्हणून थोडे लिहितो.

अझोर्स बेटे आणि त्यांच्या भोवतालचे सागरपर्वत ज्वालामुखीतून झालेले आहेत. उत्तर अमेरिकी, युरेशियन आणि आफ्रिकी अशा तीन भूपट्ट्यांच्या संगमाजवळ ते आहेत. तेथील प्रमुख खडक बेसॉल्ट, म्हणजेच आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. लाव्हा थंड होताना हे खनिज त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते आणि नंतर ती सहजी सोडत नाही. त्यामुळे बेसॉल्टचा डोंगर भोवतालच्या क्षेत्रात स्वतःची थोडी भर किंवा घट करतो. गाळाने झाकलेल्या सपाट तळावर असा ठसठशीत बदल बहुधा नसतो. जर एखादा प्राणी हे क्षेत्र जाणू शकत असेल, तर त्याच्या दृष्टीने चहूकडचे पाणी मुळीच सारखे नाही.

वर्गात दाखवायचे असेल तर एक अडचण सांगतो. अर्जुनी मोरगावच्या परिसरात बेसॉल्ट नाही, तेथे कितीतरी जुने स्फटिकी खडक आहेत. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या बाजूंचा ताजा फुटलेला, न झिजलेला तुकडा मागवावा. हलक्या सुईच्या होकायंत्राजवळ तो हळूहळू फिरवल्यास काही तुकड्यांनी सुई किंचित ढळते. सगळ्यांनी ढळतेच असे नाही, म्हणून चार-पाच तुकडे जवळ ठेवावेत, नाहीतर मुलांपुढे फजिती होते. आपला हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याचा मोठा भाग बाहेर पडला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. यवतमाळच्या खडकात ती उलटी दिशा अजून मोजता येते.

आपल्या अरबी समुद्रातही बुडालेले ज्वालामुखी पर्वत आहेत. मुंबईच्या पश्चिमेला पुष्कळ दूर, लक्ष्मी खोरे नावाच्या खोल भागात रामन, पणिक्कर आणि वाडिया या नावांचे तीन पर्वत आहेत. त्यांचा संबंध अनेक भूशास्त्रज्ञ दख्खनच्या लाव्हा काढणाऱ्या घडामोडींशीच जोडतात. पहिले नाव चंद्रशेखर वेंकट रामन यांचे, दुसरे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांचे आणि तिसरे भूशास्त्रज्ञ डी. एन. वाडिया यांचे. मुलांना ही नावे सांगितल्यास समुद्र थोडा जवळचा वाटेल.

विज्ञानशिक्षक_अर्जुनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नर-मादी मोजण्याचा प्रयोग उद्याच करतो, आणि बेसॉल्टसाठी दिग्रसच्या एका नातेवाइकांना कळवले आहे. रामन पर्वताचे नाव वाचल्यावर मुले साहजिकच विचारतील की तेथेही डेव्हिल रे जमतात का. शिवाय एक प्रश्न माझ्याही मनात आहे. मासे दरवर्षी ठरलेल्या जागी जमतात हे एकदा कळले, की जाळे घेऊन तेथेच जाणे कोणालाही सुचेल. आमच्या सांडव्यावरसुद्धा तेच होते. मग या माशांचे काय होते?

खारावारा

सर, रामन, पणिक्कर आणि वाडिया यांची शिखरे पृष्ठभागापासून हजार मीटरहून अधिक खोल आहेत. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पहाटे खाली उतरणारे प्राणिप्लवक माथ्यावर अडकण्याइतका तो माथा उंच नाही. प्रिन्सेस ॲलिससारखी गर्दी तेथे व्हावी, असे मानायला मला कारण दिसत नाही. महाराष्ट्राच्या समुद्रात उथळ माथा म्हणाल तर तो आंग्रिया बँकेचा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार असून त्याचा माथा २० मीटरच्या आसपास खोल आहे आणि त्यावर प्रवाळ आहेत. मात्र ते भूखंडाच्या उतरत्या काठावरचे पठार आहे, भर समुद्रातून उठलेला ज्वालामुखी नव्हे. मुलांनी दोहोंची गल्लत करू नये.

डेव्हिल रे मात्र आपल्या समुद्रात आहेत. कोची, थुथुकुडी यांसारख्या बंदरांवर ते उतरवले जातात आणि भारत, श्रीलंका व इंडोनेशिया हे त्यांची मोठी मासेमारी करणारे देश राहिले आहेत. बहुतांशी ते ट्यूनासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकतात. पूर्वी त्यांना फारसा भाव नव्हता. कल्ल्यांमधल्या ज्या पट्ट्यांनी ते अन्न गाळतात, त्या वाळवून चीनमध्ये औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तशी त्यांची मागणी वाढली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत डेव्हिल रेंचा समावेश २०१६ मध्ये झाला.

तुमच्या सांडव्याशी तुलना केली तर धोका येथे कितीतरी मोठा आहे. जाळ्यात गेलेल्या रोहूंची तूट पुढच्या पावसाळ्यात सोडलेल्या बोटुकलीने, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांनी, भरून काढता येते. येथे बोटुकली सोडणारे कोणी नाही आणि एक मादी वर्ष-दोन वर्षांतून एकच पिल्लू देते, तेव्हा गाभण माद्यांच्या थव्यावर एकदा जाळे पडले तर ती तूट भरायला फार काळ लागतो. जिवंत सोडून देण्याचा नियम केला तरी अडचण आहे. जहाजावर चढलेल्या दीड-दोनशे किलोच्या माशाला खलाशी कल्ल्यांच्या फटीत आकडा किंवा हात घालून उचलतात आणि तो पाण्यात पोहत गेला तरी पुढे जगेलच याची खात्री नसते. म्हणून त्याला जाड कापडाच्या किंवा जाळीच्या झोळीतून उचलावे, असे सुचवले जाते. पूर्व पॅसिफिकमधील ट्यूना आयोगाने २०१५ मध्ये हे मासे जहाजावर ठेवण्यास बंदी घातली. हिंद महासागराच्या आयोगाने, ज्याचा भारत सदस्य आहे, २०१९ मध्ये तसाच ठराव केला. त्यातून स्थानिक लोकांच्या उदरनिर्वाहासाठी होणारी मासेमारी वगळलेली आहे.